मिळकत घेताना आणि भाड्याने देताना

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, गावाकडची वडिलोपार्जित जमीन विकून आलेला पैसा, किंवा परदेशी असलेल्या मुलाने पाठविलेली शिल्लक, या तिन्हींची वाट आपल्याकडे बहुधा एकाच ठिकाणी येऊन मिळते, आणि ते ठिकाण म्हणजे पुण्यात, ठाण्यात, नाशकात किंवा तळेगावच्या पलीकडे कोठेतरी घेतलेली दुसरी सदनिका अथवा दोन-चार गुंठ्यांचा तुकडा. सोने चोरीस जाऊ शकते, शेअर बुडू शकतात, घर मात्र जागच्या जागी राहते, ही मराठी मध्यमवर्गाची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु जागच्या जागी राहतात त्या भिंती. त्यांवरील स्वामित्व आणि त्यांचा ताबा या दोन्ही गोष्टी मालकाच्या नकळत दप्तरातून सरकत असतात. ज्या मालकांना मिळकतीपायी पस्तावण्याची पाळी आलेली माझ्या पाहण्यात आहे, त्यांपैकी बहुतेकांवर ती घेताना दप्तर न चाळल्यामुळे किंवा देताना करारनामा न नोंदविल्यामुळे आली. बाजारभाव उतरल्यामुळे आली अशांची संख्या फार थोडी. घेताना निर्वेध मालकी मिळते की नाही आणि दिलेले घर मुदतीअंती परत हाती येते की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत घरमालकाचे जवळजवळ सारे हित सामावलेले आहे, आणि भाडे किती येते हा प्रश्न त्या दोहोंच्या मागून येणारा आहे.

तथापि भाड्याचाही हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, कारण तो मांडण्यापूर्वीच इसार देऊन मोकळे होणारे लोक फार. समजा, पुण्यात ८० लाख रुपयांची सदनिका घेतली. तिच्यावर सात टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फीचे ३० हजार धरले, की दलाली आणि वकिलाची फी बाजूला ठेवूनही खर्चाचा आकडा ८६ लाखांच्या घरात जातो. महिना २० हजार भाडे आले तर वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. त्यांतून सोसायटीच्या देखभालीचे महिना ३ हजारांप्रमाणे ३६ हजार, महापालिकेच्या मिळकतकराचे सुमारे १२ हजार, वर्षाकाठी एक महिना घर रिकामे राहते म्हणून २० हजार, आणि रंगरंगोटी, नळ, गळती यांचे सरासरीने १२ हजार वजा केले, म्हणजे हाती १ लाख ६० हजार उरतात. लावलेल्या भांडवलावर हे उत्पन्न दोन टक्क्यांहूनही कमी भरते. अशा घरासाठी ६० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने साडेआठ टक्क्यांनी काढले तर दरमहाचा हप्ता ५२ हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे भाड्यातून हप्ता भागेल अशा अपेक्षेने जो कर्ज काढतो, त्याला दरमहा तीस हजारांहून अधिक रक्कम पदरची घालावी लागते. मिळकतीची किंमत वाढेल आणि ही तूट भरून निघेल, हा अंदाज खरा ठरू शकतो. परंतु तो अंदाज आहे आणि हप्ता हे वास्तव आहे, एवढे भान ठेवूनच व्यवहारात उतरावे.

आता दप्तराकडे वळू. जमिनीच्या बाबतीत सातबाऱ्याचा उतारा पाहिला म्हणजे सारे पाहिले, हा समज इतका दृढ आहे की, उताऱ्यावर विक्रेत्याचे नाव दिसताच पुष्कळ लोक निश्चिंत होतात. वास्तविक सातबारा हा शेतसाऱ्याच्या वसुलीसाठी ठेवलेला महसुली अभिलेख आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचे ते एकत्रित रूप. त्यातील नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने ती नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणून उतारा वाचायचा तो त्यात काय खटकते हे शोधण्यासाठी. विक्रेत्याच्या नावाजवळ ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असेल, तर ती जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, असे सामान्यतः समजावे. वतनाच्या, इनामाच्या किंवा कुळकायद्याखाली मिळालेल्या जमिनींचा इतिहास बहुधा तेथेच दडलेला असतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, एखाद्या विधवेचा पोटगीचा हक्क, असे काहीही आढळू शकते. ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे दिसली, तर धारकांपैकी कोणीतरी त्या वेळी अज्ञान होता आणि त्याच्या वतीने पालनकर्त्याचे नाव लागलेले होते असा त्यांचा अर्थ. अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकाने विकली असेल, तर तो अज्ञान सज्ञान झाल्यावर ती विक्री रद्द करवून घेऊ शकतो.

उताऱ्यावरील प्रत्येक फेरफाराचा क्रमांक घेऊन त्या फेरफारांच्या नकला काढाव्यात आणि त्या जुन्याकडून नव्याकडे या क्रमाने वाचाव्यात. वारसाच्या फेरफारात मुलांची नावे आहेत आणि मुलींची नाहीत, असे ग्रामीण भागात सर्रास आढळते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून कन्येला सहदायादाचा हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क तिला जन्मतःच प्राप्त होतो असा निर्वाळा दिला. तेव्हा भावांनी परस्पर विकलेल्या जमिनीवर दहा वर्षांनी बहिणीचा दावा येऊन उभा राहिला, तर त्यात तिचा काहीही अन्याय नाही. तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, ते तिने समजून-उमजून दिले आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहणे खरेदीदाराचे काम आहे, आणि शक्य असेल तेथे तिला खरेदीखतातच पक्षकार करून घेणे याहून चांगला उपाय मला तरी ठाऊक नाही.

शहरात सातबाऱ्याची जागा बहुधा नगर भूमापनाची मिळकत पत्रिका घेते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोनवरून मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकरवी घ्यावा आणि त्याचा लेखी अहवाल आपल्या दप्तरी ठेवावा. शोध घेऊनही मूळ दस्त डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राहू नये. कारण मूळ कागद विक्रेत्याऐवजी सावकाराच्या किंवा पतपेढीच्या तिजोरीत असतील, तर मिळकत तारण असण्याचा दाट संभव असतो. मुखत्यारपत्राच्या आधारे ‘विकलेल्या’ घरांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्टच सांगितले की, केवळ मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोडणीने मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. विक्रेता परदेशस्थ असेल आणि त्याचा भाऊ मुखत्यार म्हणून सही करीत असेल, तर ते मुखत्यारपत्र योग्य रीतीने साक्षांकित झालेले आहे का, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले आहे का, आणि मुख्य म्हणजे ते देणारा अद्याप हयात आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. अशा विक्रेत्याला पैसे देताना आयकराची कपात निवासी विक्रेत्यासारखी सरसकट एक टक्का नसते. ती पुष्कळ अधिक असते आणि ती न केल्यास जबाबदारी खरेदीदाराच्या शिरावर येते.

गुंठेवारीच्या भूखंडांविषयी मात्र मी आग्रहाने सांगेन की, ‘सर्वांचा मिळून एकच सातबारा’ असे ज्या ठिकाणी सांगितले जाते तेथून सामान्य माणसाने हात जोडून परत फिरावे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. त्यात वेळोवेळी सवलती आल्या हे खरे. तथापि बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन नसलेल्या रानात चुन्याच्या रेघा मारून विकलेल्या भूखंडाला स्वतंत्र अस्तित्व येत नाही, आणि पुढे रस्त्याची जागा कोणाची, विहीर कोणाची यावरून वीस खरेदीदार एकमेकांचे वैरी होतात. शिवाय, जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून घेता येत नाही, हेही दलाल आपणहून क्वचितच सांगतो. गोव्यात घर घेणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तेथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आलेली असल्यामुळे पतिपत्नींची मिळकत सामान्यतः सामायिक मानली जाते आणि विक्रीच्या दस्तावर दोघांचीही सही लागते.

बांधकाम चालू असलेल्या इमारतींविषयी थोडक्यात सांगता येते, कारण २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने येथे पुष्कळ शिस्त आणली आहे. प्रकल्पाचा महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारापूर्वी देऊ नये, कारण विकासकाने ती मागणेच कायद्याविरुद्ध आहे. दर चटईक्षेत्रावर काढलेला आहे याची खात्री करावी. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावाचून ताबा घेऊन राहावयास जाऊ नये. पाणी टँकरचे, मिळकतकर वाढीव दराचा आणि विकावयास गेले तर कर्ज देण्यास बँक नाखूश, अशा इमारती आपल्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत.

भाड्याच्या विषयाकडे येण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. त्यावाचून आजच्या मालकाची भीती आणि आजच्या कायद्याची रचना यांपैकी काहीच समजत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत माणसांची रीघ लागली आणि भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच घडले, आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानून गोठविले. निर्वासित, गिरणी कामगार, कारकून यांना रस्त्यावर येण्यापासून वाचविणारा तो कायदा त्या काळी न्याय्यच होता, आणि गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून जी मराठी संस्कृती फुलली तिला या कायद्याने छप्पर पुरविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. दुरुस्तीच्या खर्चाइतकेही भाडे न मिळालेल्या मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली, पागडीचा व्यवहार काळोखात वाढला, आणि पडत्या इमारती सावरण्यासाठी उपकर बसवून शासनाला दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. भाडेकरूचा हक्क टाळण्यासाठी मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग धरला, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना विधिमंडळाने एका दुरुस्तीने भाडेकरू ठरविले. त्या एका तारखेने पुढील पिढीतील मालकांच्या मनात असा धसका बसला की, घर कुलूप लावून रिकामे ठेवावे पण देऊ नये, असा पुष्कळांचा निश्चय झाला, आणि त्याचा भुर्दंड अखेर भाड्याचे घर शोधणाऱ्यांनाच पडला. भाडी गोठविणाऱ्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. आज आपण जो करारनामा करतो, तो याच अधिनियमाच्या छायेखाली.

या अधिनियमात भाडेकरू आणि परवानाधारक यांच्यात मूलभूत भेद आहे. भाडेकरूला जागेत हितसंबंध प्राप्त होतो. तो नियमाने भाडे भरीत राहिला, तर कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून त्याला काढता येत नाही, भाडे वर्षाला चार टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही, आणि त्याच्या मागे त्याच्या कुटुंबीयाला तो हक्क मिळू शकतो. परवानाधारकाला केवळ ठरावीक मुदतीपुरता वापर मिळतो. मुदत संपूनही त्याने ताबा दिला नाही, तर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेथे प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मिळवावी लागते, आणि ताबा देईपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या दिवाणी दाव्याशी तुलना केली, म्हणजे मालकाला मिळालेले हे संरक्षण किती मोलाचे आहे ते कळते.

आणि हे संरक्षण लोक हजारभर रुपये वाचविण्यासाठी गमावतात! अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारला की पुरे, हा समज दलालांच्या दुकानांतून अजूनही पसरविला जातो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याला सक्तीच्या नोंदणीतून सूट आहे, त्यातून तो उगम पावला असावा. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक करार, मग तो कितीही अल्प मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. पण शिक्षेपेक्षाही भयंकर परिणाम दुसराच आहे: नोंदणीकृत करार नसेल तेव्हा कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘मी परवानाधारक नाही, भाडेकरूच आहे,’ असे तो म्हणाला, की ते खोडून काढण्याचे ओझे मालकावर. महिना २० हजार आणि अनामत १ लाख अशा अकरा महिन्यांच्या करारावर शेकडा पावप्रमाणे मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्या आत बसते. नोंदणीची फी वेगळी आणि माफक. आता तर घरबसल्या संगणकावरून, आधारच्या आणि अंगठ्याच्या ठशाच्या आधारे, ही नोंदणी होते.

करारनाम्यातील काही कलमे जवळून वाचावीत. जागेचे वर्णन मोघम नसावे: विंग, मजला, क्रमांक, वाहनतळाची जागा, माळा दिला असल्यास माळा. मुदतीचा पहिला आणि शेवटचा दिवस तारखेनिशी असावा. मुदत संपण्यापूर्वी जागा सोडावयाची असल्यास किती दिवसांची लेखी सूचना, अनामत कधी परत आणि तीतून कशाकशाची वजावट, वीज, गॅस आणि देखभालीचे पैसे कोणाकडे, हे स्पष्ट असावे. करारासोबत एक परिशिष्ट जोडावे: पंखे किती, गीझर चालू आहे का, स्वयंपाकघरातील ओट्याला तडा आहे का, न्हाणीघरातील फरशी कोठे फुटली आहे, आणि चाव्या देण्याच्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा काय. दोघांनी मिळून घरात फिरून, छायाचित्रे काढून आणि त्या परिशिष्टावर सह्या करून ठेवल्या, तर अनामतीवरून होणारी बहुतेक भांडणे जन्मासच येत नाहीत. मुदत संपल्यावर ‘पुढे चालू ठेवा, कराराचे नंतर पाहू’ असे तोंडी बोलून महिनेच्या महिने भाडे घेत राहणे अत्यंत घातक. नवा करार जुना संपण्याच्या आत नोंदवावा. सोसायटीला आणि पोलिस ठाण्याला करारासह माहिती द्यावी. भाड्याने देण्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, हेही पदाधिकाऱ्यांना आदराने पण ठामपणे सांगता येते.

बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो, ही भीती मात्र निराधार आहे. संमतीने दिलेला ताबा कितीही वर्षे चालला तरी तो प्रतिकूल ताबा ठरत नाही, आणि ज्याने ज्याच्याकडून जागा घेतली त्याला त्याची मालकी नाकारता येत नाही. ही भीती मालकांना चुकीच्या मार्गाला नेते, म्हणून तिचे निरसन आवश्यक आहे. राहणारा जात नाही म्हणून त्याचे पाणी तोडणे, वीज कापणे, या गोष्टी भाडे नियंत्रण अधिनियमाने मना केल्या आहेत. आणि बळाने, किंवा तो बाहेर गेला असता कुलूप बदलून, बाहेर काढलेला इसम विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून, खुद्द मालकाविरुद्धही, ताबा परत मिळवू शकतो. कायद्याची वाट लांब वाटली तरी तीच जवळची.

मालकाच्या कर्तव्याविषयीही तितक्याच मोकळेपणाने बोलले पाहिजे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तर ती आपली जबाबदारी आहे. भाड्याची पावती देणे हे कायद्याने आपल्यावर टाकलेले बंधन आहे. अनामत परत करताना नसलेले दोष उकरून काढणे ही सरळ लुबाडणूक आहे. आणि नाव ऐकून, आडनाव ऐकून, धर्म विचारून, किंवा एकटी नोकरी करणारी मुलगी आहे म्हणून घर नाकारणे, हे जे आपल्या शहरांतून उघड चालते, ते मला अत्यंत लाजिरवाणे वाटते. ज्या माणसाचे वेतन नियमित आहे, पूर्वीच्या मालकाचा दाखला चांगला आहे आणि कागदपत्रे खरी आहेत, तो उत्तम परवानाधारक होय. याहून अधिक विचारण्याचे मालकाला प्रयोजन नाही.

करांविषयी दोन शब्द. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीवर खर्च झालेला असो वा नसो. महिना पन्नास हजारांहून अधिक भाडे देणाऱ्या व्यक्तीने त्यातून आयकराची कपात करावयाची असते. मालक अनिवासी असेल, तर रक्कम लहान असली तरी कपातीचा प्रश्न येतो. रोखीने भाडे घेऊन हे सारे टाळणाऱ्याला उद्या न्यायालयात भाडे किती होते हेही सिद्ध करता येत नाही.

शेवटची गोष्ट वारसांची. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे मिळकत त्या व्यक्तीची झाली, असे समजून कित्येक लोक मृत्युपत्र करीत नाहीत. परंतु नामनिर्देशित व्यक्ती सोसायटीपुरती कारभार पाहणारी असते, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. दोन साक्षीदारांच्या सह्यांचे साधे मृत्युपत्रही वैध असते आणि त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. मृत्युपत्र, खरेदीखत, भागदाखला, चालू करारनामा आणि मिळकतकराची शेवटची पावती एका ठिकाणी ठेवून ते ठिकाण पत्नीला आणि मुलांना आजच दाखवून ठेवावे, आणि कोणाची अनामत आपल्याकडे किती आहे ती रक्कमही त्याच कागदावर लिहावी, कारण मालकाच्या निधनानंतर ती परत करण्याचे दायित्व त्यांच्यावर येते आणि तिच्यासाठी त्यांना घर विकावे लागू नये.